ऱ्हाइनबेकची लोकरजत्रा आणि घरातली अकरा किलो

सुलटउलट | १४ सप्टेंबर, रात्री १०:५०

गौरी-गणपती आटोपून मखर माळ्यावर गेलं की आमच्या घरात पुढचा सण ऱ्हाइनबेक. नवरा त्याला 'बायकोची जत्रा' म्हणतो आणि त्या शनिवारी कुणाला जेवायला बोलावत नाही, इतकं ते आता अंगवळणी पडलंय. मोज्याची टाच कशी विणायची या इथल्या फोरमवरच्या धाग्यावर (म्हणजे चर्चेत) तिघींनी विचारलं होतं की हे प्रकरण काय आहे आणि तिथे लोकर घ्यायची तर काय बघून घ्यायची. उत्तर तिथेच लिहायला घेतलं, पण ते मोज्यापेक्षा लांब व्हायला लागलं. म्हणून लोकरीवर वेगळा धागा. (विनोद ज्याचा त्याने मनात करून घ्यावा.)

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला शंभरेक मैलांवर, हडसनच्या खोऱ्यात ऱ्हाइनबेक गाव आहे. तिथल्या डचेस काउंटीच्या मैदानावर दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल भरतो. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून पहाटे साडेपाचला निघतो. गाडी नसेल तर ऱ्हाइनक्लिफ स्टेशनपर्यंत आगगाडी येते, तिथून मैदान काही फार लांब नाही.

तिथे पहिला येतो तो वास. ओलं गवत, मेंढ्या, तळणीचं तेल आणि सफरचंदाच्या रसातले गरम डोनट. मग लांबच लांब शेड, आणि प्रत्येक शेडमध्ये दोन्ही बाजूंना लोकरच लोकर. घरच्या चुलीवर रंगवणारे, स्वतःच्या मेंढ्यांची लोकर घेऊन आलेले शेतकरी, लाकडी टकळ्या घासणारे, शिंगांची बटणं करणारे. एका काकूंच्या स्टॉलवर प्रत्येक लडीच्या चिठ्ठीवर मेंढीचं नाव आणि फोटो असतो. मी पेनी नावाच्या मेंढीची तपकिरी लड घेतली आणि दुपारी गोठ्यात जाऊन पेनीला भेटून आले. ती माझ्याकडे अजिबात न बघता रवंथ करत होती.

एक रीत इथे पक्की आहे. जत्रेला जाताना अंगावर नवा, स्वतः विणलेला स्वेटर हवा. त्याला म्हणतातच ऱ्हाइनबेक स्वेटर. जुलैत टाके घालायचे, ऑगस्टमध्ये कंटाळायचं, सप्टेंबरअखेर रडकुंडीला यायचं. गेल्या वर्षी डावी बाही मी गाडीत संपवली, टोकं ओवली पार्किंगमध्ये. आणि ऊन असं पडलं की अकराच्या आत तो स्वेटर कमरेला. आजूबाजूला बघितलं तर मैदानभर बायका असेच स्वेटर कमरेला बांधून घाम पुसत लोकर चाचपत होत्या.

आता खरेदी. माझ्या घरात आज न विणलेली लोकर अकरा किलो आहे, काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर थोडी थोडी करून मोजली. तेव्हा सल्ला कोण देतंय ते लक्षात ठेवूनच पुढे वाचा.

पहिल्या वर्षी मी सात लडी आणल्या, सात रंगांच्या. एकेक लड शंभर ग्रॅम, साधारण चारशे मीटर, मोज्याला वापरतो तसली बारीक. प्रत्येक लड बघून जीव गेला होता. घरी येऊन हिशेब केला तर मोठ्या माणसाच्या स्वेटरला त्या जाडीत बाराशे ते पंधराशे मीटर लागतात. म्हणजे माझ्याकडे सात जोड्या मोज्यांचं सामान होतं आणि स्वेटर एकाचाही नाही. तेव्हापासून पर्समध्ये कागद असतो: काय विणायचंय, किती मीटर हवेत, सुई कितीची.

दुसऱ्या वर्षी शहाणी होऊन एकाच रंगाच्या चार लडी घेतल्या, एकाच घाण्यातल्या, म्हणजे एकत्र रंगवलेल्या. पाठ विणून झाली आणि लांबून बघितलं तर मधोमध आडवी रेघ. हाताने रंगवलेल्या लडी सख्ख्या बहिणींसारख्या असतात, नाक एक, रंग थोडा वेगळा. दोन ओळी एका लडीच्या, दोन दुसरीच्या, असं अदलून बदलून विणलं की तो फरक विरघळतो. हे मला सगळी पाठ उसवल्यावर कळलं.

तिसऱ्या वर्षीचा पराक्रम म्हणजे अख्खी कातरलेली लोकर. मेंढीच्या अंगावरून निघाली तशी, तीन किलो, पिशवीत कोंबलेली. शनिवारी सकाळी तिच्यासाठी रांग लागते, आणि रांग दिसली की आपण उभे राहतो, हे काही मी अमेरिकेत शिकलेले नाही. घरी आणून न्हाणीघराच्या टबात कडक पाणी सोडलं, साबण घातला. पाणी चहासारखं झालं. वर मेणचट साय आली, तळाशी गवत, लेंड्या आणि एक मेलेला किडा. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण ती घाण बघून मला राहवेना. गोधडी तुडवावी तशी मी ती लोकर पायाने तुडवली. लोकरीच्या केसाला खवले असतात. ऊब, ओल आणि घुसळण तिन्ही मिळाली की ते एकमेकांत अडकतात ते कायमचे. अर्ध्या तासाने टबातून मी एक करडी, चार बोटं जाड चटई बाहेर काढली. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "वा, घोंगडी झाली."

तर लोकर डोळ्यांनी घेऊ नका. रंग सगळ्यात शेवटी. आधी लड मनगटाच्या आतल्या बाजूला, मग हनुवटीखाली मानेला लावून बघा. तिथे टोचली तर ती टोपीला नको, जाकिटाला चालेल. दोन बोटांत धरून पीळ थोडा उलगडा, किती पदरी आहे बघा. एकपदरी लोकर दिसते फार गोड, पण काखेत आणि कोपरावर महिन्याभरात गोळे धरते. जत्रेला जायचं ते यासाठी. घरबसल्या मागवलेल्या लोकरीचा फोटो मानेला लावता येत नाही.

यंदा कोण येतंय?

---

अबोली_पुणे | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१२

काय गं, सकाळी सकाळी जीव जाळलास! इथे तुळशीबागेत 'प्युअर वूल आहे का' विचारलं तर दुकानदार आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो. नव्वद टक्के माल अ‍ॅक्रिलिक, आणि त्यालाही आपण लोकरच म्हणतो. शंका आली तर बोटभर तुकडा घरी आणून चिमट्यात धरून जाळायचा. खरी लोकर केस जळल्यासारखी घाण मारते, आपोआप विझते आणि चुरा होतो. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

आमची आई लोकर औंसात घ्यायची. 'दोन वर्षाच्या मुलाच्या स्वेटरला चार औंस' हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. लड आणली की बाबांना समोर बसवायचं, दोन्ही हात पुढे, हातांवर लड, आणि ती गुंडा करणार. बाबांचा पेपर त्या वेळी जमिनीवर उघडा, मान वाकडी करून वाचायचे.

---

सुलटउलट | १५ सप्टेंबर, सकाळी ७:४०

अबोली, औंस! विसरलेच होते. इथे बाबांच्या हातांऐवजी छत्रीसारखा उघडणारा एक फिरता सांगाडा मिळतो, त्यावर लड चढवायची आणि दुसऱ्या टोकाला हँडल फिरवून गुंडा करायचा. तीन मिनिटांत होतो. पण लड तशीच सुयांवर घेऊन विणायला बसू नका. मी बसले होते. गुंता सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या.

---

हिशेबनीस | १५ सप्टेंबर, सकाळी ९:०५

चांगला स्वेटर दुकानात दोन हजारात येतो. तुमची एक लड केवढ्याला, आणि स्वेटरला किती? जरा आकडे द्या की.

---

सुलटउलट | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

देते. मी घेतलेली हाताने रंगवलेली शंभर ग्रॅमची लड अठ्ठावीस-तीस डॉलरची होती. स्वेटरला चार. त्यात माझे तीन महिने, पेट्रोल, डोनट. तुम्ही गुणाकार करा, मी मुद्दाम करत नाही.

---

थंडपाय | १५ सप्टेंबर, दुपारी ४:२२

मी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला असते, तर माझी जत्रा वेगळी. शेटलंड बेटांवरचा शेटलंड वूल वीक. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, २०१० पासून भरतो. संध्याकाळी अ‍ॅबर्डीनहून बोटीत बसायचं, सकाळी लर्विकला उतरायचं. बोट हलते. मला दर वेळी उलट्या होतात आणि दर वर्षी मी जाते.

तिथे एक मैदान नसतं, सगळं बेटच जत्रा. कुणाच्या शाळेच्या हॉलमध्ये विणकाम शिकवतायत, कुठे चर्चमध्ये चहा आणि केक. दर वर्षी एका टोपीचा नमुना आधी फुकट देतात, लोक ती विणून घालून येतात, आणि मग बसस्टॉपवर तुमच्यासारखीच टोपी घातलेली जपानी बाई भेटते. शब्द एक कळत नाही, ती माझी टोपी उलटी करून आतले धागे तपासते, मी तिची.

शेटलंडची मेंढी लहानखुरी, पण तिच्या रंगांना त्यांच्या बोलीत स्वतंत्र नावं आहेत. मूरिट म्हणजे तांबूस तपकिरी, शेला म्हणजे गडद करडा. न रंगवता नुसत्या मेंढीच्या रंगांतच अख्खा नक्षीचा स्वेटर होतो. आणि तिथली लेसची शाल! तिचं सूत इतकं बारीक की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येते. म्युझियममध्ये काचेआड बघितली आणि आपल्याकडच्या पश्मिन्याची आठवण आली, तीच अंगठी, तोच दावा.

सुलटउलट, एक राहिलं तुझ्या यादीत. चिठ्ठीवर 'सुपरवॉश' लिहिलंय का ते बघायला सांग. ती लोकर क्लोरिनने खवले मारून, वर रेझिनचा थर देऊन केलेली असते. मशीनमध्ये धुतली तरी आटत नाही, लहान मुलांच्या कपड्यांना उत्तम. पण मोठा स्वेटर केलास तर ओला झाल्यावर लोंबतो. माझा एक स्वेटर पहिल्या धुण्यानंतर गुडघ्यापर्यंत आला. आता झोपताना घालते.

---

मुकाखांब | १५ सप्टेंबर, रात्री ८:१०

आम्ही क्रोशावाले लोक या जत्रांत अस्पृश्यच की हो. सगळे नमुने दोन सुयांचे. लोकर मात्र आम्हालाच जास्त लागते.

---

गोट्याचीआई | १५ सप्टेंबर, रात्री ९:४८

मेरिलंडवाल्या इथे कुणी नाहीत का? वेस्ट फ्रेंडशिप गावी मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी आमचा लोकरमेळा भरतो. १९७४ पासूनचा आहे. आमच्याकडे 'मेंढी ते शाल' स्पर्धा असते. एक जण मेंढी कातरणार, तिघं कातणार, एक मागावर विणणार, आणि काही तासांत त्याच मेंढीची शाल तयार. मी आणि गोट्या गवतावर बसून शेवटपर्यंत बघतो. कातणाऱ्या एका आजोबांचा हात इतका एकसारखा चालतो की गोट्या विचारत होता, मशीन आहे का.

---

प्राणीमित्र_नाशिक | १६ सप्टेंबर, सकाळी ६:५५

सगळं छान, पण त्या मेंढ्यांना काय वाटत असेल याचा विचार कुणी केलाय का? थंडीत अंगावरचं पांघरूण काढून घ्यायचं आणि आपण डोनट खायचे.

---

थंडपाय | १६ सप्टेंबर, दुपारी १:३०

प्रश्न रास्त आहे. पण कातरणी थंडीत नाही, बहुतेक ठिकाणी वसंत-उन्हाळ्यात होते. आणि माणसाने शेकडो वर्षं निवडून वाढवलेल्या बहुतेक जातींची लोकर आपोआप गळत नाही, वाढतच राहते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ एक चुकलेला मेंढा सापडला, क्रिस नाव ठेवलं त्याचं. त्याच्या अंगावरून ४१.१ किलो लोकर निघाली. बिचाऱ्याला धड चालता येत नव्हतं. वाईट वागवणारे लोक आहेत, नाही असं नाही. म्हणून तर मेंढी आणि मेंढपाळ समोर दिसतात तिथून घ्यावी असं मला वाटतं.

---

चिंचोका | १६ सप्टेंबर, रात्री ११:१५

धागा दोन दिवस वाचतोय. मी विणत नाही, पण एक दुरुस्ती करायला लॉगिन झालो. ताई, तुमच्या टबात झाली ती घोंगडी नव्हे. घोंगडी मागावर विणतात. लोकर भिजवून, लाटून, दाबून न विणता करतात तो बुरणूस. तुमच्या यजमानांना सांगा.

माझं आजोळ हातकणंगल्याकडचं. तुमची ऱ्हाइनबेकची जत्रा ऑक्टोबरात, आमची पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्राही दसरा-दिवाळीच्या मधे, म्हणजे साधारण त्याच दिवसांत. लाखाने धनगर समाज येतो. भंडारा, खारीक-खोबरं आणि लोकर उधळतात. लोकर उधळतात, वाचताय ना? संध्याकाळी माणूस पिवळाधमक आणि त्यावर काळी लोकर चिकटलेली. लहानपणी आई दोन दिवस माझं डोकं धूत असायची.

आजीबरोबर घोंगडी घ्यायला जायचो. तिची पद्धत सांगतो, तुमच्या मनगटाच्या पद्धतीशी ताडून बघा. ती घोंगडीचा काठ गालाला लावायची नाही. मुठीत धरून चुरगाळायची आणि सोडायची. लगेच उलगडली तर घ्यायची. मग नाकाशी. घोंगडीच्या ताण्याला (उभ्या सुताला) चिंचोक्याची खळ देतात, नव्या घोंगडीला तो आंबूस वास येतो (माझं नाव तिथूनच). वास नसेल तर म्हणायची, "खळ न्हाई ह्येला, फुडं चल." विणणारे सणगर. त्यांच्या घरात खड्ड्याचा माग, पाय खड्ड्यात. कातायचं काम बायांचं. मऊ हवी असेल तर जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, काळी, टोचरी. हनुवटीखाली लावाल तर ओरडाल. पण पावसात माळावर तीच अंगावर असते. आता तिला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, कित्येक जण कातरून तिथेच टाकून देतात.

---

थंडपाय | १७ सप्टेंबर, दुपारी १२:०५

चिंचोका, शेवटची ओळ वाचून थबकले. इथेही तेच. २०२० मध्ये लोकरीचा भाव इतका पडला की ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांनी लोकर जाळली, खतात पुरली. आणि त्याच देशात मी एका लडीला अठरा पाउंड मोजत होते. मधला पैसा रंगवणाऱ्याला आणि कातणगिरणीला जातो, त्यांचंही पोट आहेच. पण मेंढपाळाच्या हातात काय पडतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

---

सुलटउलट | १७ सप्टेंबर, रात्री १०:२०

चिंचोका, यजमानांना वाचून दाखवलं. 'बुरणूस' हा शब्द आता घरात शिवीसारखा वापरला जातोय.

मी मिरजेची. पट्टणकोडोली माझ्या माहेरापासून एसटीने दीड-दोन तासांवर, आणि मी एकदाही गेले नाही. पहाटे साडेपाचला उठून हडसनकाठी जाते. त्याबद्दल वेगळं काही म्हणत नाही. भाऊ पुढच्या आठवड्यात मिरजेहून इकडे येतोय. त्याला दख्खनी लोकर मिळेल का कुठे? थोडीशीच.

---

चिंचोका | १७ सप्टेंबर, रात्री १०:५२

मिळेल. कच्ची लोकर विमानातून न्यायच्या भानगडीत पडू देऊ नका, विमानतळावर अडवतील. धुऊन कातलेलं सूत सांगा. आमच्या मामीच्या शेजारी एक म्हातारी अजून कातते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

सुलटउलट | २१ ऑक्टोबर, रात्री ११:३५

जाऊन आले. स्वेटर पूर्ण झाला, यंदा बाही गाडीत नाही. थंडीही नेमकी पडली, दिवसभर अंगावर होता.

भाऊ दोनशे ग्रॅमचा काळा गुंडा घेऊन आला होता. सूत एके ठिकाणी सुतळीएवढं, एके ठिकाणी शिवणदोऱ्याएवढं. पिशवीत टाकून नेला. पेनीच्या काकूंच्या स्टॉलवर गर्दी ओसरल्यावर बाहेर काढला. त्यांनी आधी मनगटाला लावला आणि हसल्या. मग, चिंचोका, खरं सांगते, मुठीत धरून चुरगाळला आणि सोडला. मग नाकाशी नेला. कुठली जात, वर्षातून किती वेळा कातरतात, पाऊस किती, मेंढ्या रोज किती चालतात, सगळं विचारलं. वर्षातून दोनदा कातरतात हे मला भावाने सांगितलं होतं म्हणून वाचले, बाकी अर्ध्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी म्हणाल्या, विकतेस का? विकला नाही. थोडंसं सूत तोडून दिलं, त्यांनी ते पेनीच्या फोटोशेजारी टाचणीने टोचलं आणि माझ्याकडून 'दख्खनी' हा शब्द कागदावर लिहून घेतला.

खरेदी: फक्त चार लडी, एकाच रंगाच्या. आणि एक टकळी. (कुणी काही बोलू नका.)

---

अबोली_पुणे | २२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

टकळीवर बोलत नाही. पण त्या काळ्या गुंड्याचं काय करणार?

---

मुकाखांब | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:३३

क्रोशाने कर. असल्या सुताला क्रोशाच हवा.

---

सुलटउलट | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

पिशवी करतेय, मुकाखांब, आणि हो, क्रोशानेच. तू जिंकलीस. ६ मिमीची सुई, गोलात मुके खांब (क्रोशाचा साधा टाका). बोटं सोलवटली आहेत. दहा ओळी झाल्या, आत्तापर्यंत सुतातून चार कुसळं निघाली.